पाटी आणि गाडी

सांगलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला होते तेव्हा माझं सगळ्यात आवडतं काम शिकवणं नव्हतं, मेनू लावणं होतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. क्लास पहिल्या मजल्यावर, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. चपला बाहेर काढून आत यायचं, कारण धुळीनं कॉम्प्युटर आजारी पडतो अशी आमच्या सरांची ठाम समजूत होती. सर म्हणजे क्लासचे मालक. माणसांना उकडलं तर ते म्हणत, खिडकी उघडू नका, धूळ येईल. सहा कॉम्प्युटर होते आणि सहाही आमच्यापेक्षा लाडात वाढत होते.

शिकायला तासगावकडची बागायतदारांची मुलं येत, बँकेतले कारकून येत, आणि लग्न ठरेपर्यंत पोरीनं काहीतरी शिकून ठेवावं म्हणून पाठवलेल्या मुली. प्रत्येकजण घरून फ्लॉपी आणायचा आणि काही ना काही कॉम्प्युटरमध्ये घालून जायचा. पत्त्यांचे खेळ, पत्रिका जुळवायचा प्रोग्राम, इंग्रजी शब्दकोश. ते सगळं स्टार्टच्या मेनूत जाऊन बसे. पंधरा दिवसांत यादी इतकी लांबायची की पडद्यात मावायची नाही, शेजारी दुसरा रकाना, मग तिसरा. त्यात काहीही सापडायचं नाही. मला हे बघवत नसे. मी तशी तुसडी बाई आहे, आणि पसारा दिसला की माझं डोकं फिरतं.

दर शनिवारी दुपारी क्लास रिकामा असला की मी एकेका कॉम्प्युटरवर बसून मेनू लावायची. लिहिण्याचं एका फोल्डरमध्ये, आकडेमोडीचं दुसऱ्यात, चित्रांचं तिसऱ्यात. मेनू स्वतः इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं नावं लावायचा, त्याला माझा क्रम पटत नसे. म्हणून प्रत्येक नावाच्या आधी मी आकडा टाकायची. मग तो मुकाट ऐकायचा.

मुलं घाबरायची. मॅडम, हे पुसलं तर प्रोग्राम जाईल ना? तेव्हा मी माझा ठरलेला धडा सांगायची. चित्राच्या कोपऱ्यात तो वाकडा बाण दिसतोय? म्हणजे हा शॉर्टकट. शॉर्टकट म्हणजे नुसती पाटी. गाडी दुसरीकडे उभी आहे. पाटी काढली म्हणून गाडी कुठे जात नाही. मुलांना पटकन समजायचं. हा दाखला माझा नव्हता, माझ्या वडिलांचा होता.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते सातारच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांची नोंद करायची आणि माईकवरून पुकारायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्याकडे दोन आवाज होते. माईकवरचा आवाज पुस्तकी, सावकाश, प्रत्येक गावाचं नाव पूर्ण उच्चारणारा. घरातला आवाज रहिमतपूरजवळच्या त्यांच्या गावाकडचा, आणि तोही फार कमी निघायचा. घरी आले की तोंडाला कुलूप. जेवताना मीठ हवं असलं तर ताटाच्या कडेला बोट लावून दाखवायचे. आईचं आणि त्यांचं भांडण मी कधी ऐकलं नाही, कारण भांडायला दोघांनी बोलावं लागतं.

आमचं घर स्टँडच्या मागेच होतं. अण्णा कामावर असले की त्यांचा आवाज स्वयंपाकघरात यायचा. आई तो तीस वर्षं ऐकत होती. पुण्याची गाडी पुकारताना आवाज जरा चिरका आला की ती म्हणायची, "घसा बसलाय वाटतं," आणि आलं किसून ठेवायची. संध्याकाळची शेवटची घोषणा झाली की तवा चढवायची. नवऱ्याचं बोलणं तिला एवढंच मिळालं, भोंग्यातून आणि सगळ्या साताऱ्याबरोबर.

अण्णांची एक सवय स्टँडवर प्रसिद्ध होती. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते पुकारायचे नाहीत. पाटी वाचून पुकारणं त्यांना मान्य नव्हतं, कारण ड्रायव्हर घाईत आधीच्या फेरीची पाटी बदलायला विसरतात. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एकदा तसं केलं होतं. सिद्धनाथाच्या यात्रेला निघालेली माणसं बोचकी, पोरंबाळं घेऊन म्हसवडच्या पाटीच्या गाडीत बसली आणि भलतीकडेच जाऊन उतरली. तेव्हापासून ते खुर्चीतून उठून फलाटावर जायचे, गाडीच्या पत्र्यावर थाप मारायचे, ड्रायव्हरला विचारायचे आणि परत येऊन मग माईक हातात घ्यायचे. प्रवासी वैतागायचे, वरचे साहेब त्यांना मंद म्हणायचे. पण नव्यानं आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा. "गाडी बघितली का?"

निवृत्त झाल्यावर, दिवाळीनंतर, ते चार दिवस माझ्याकडे सांगलीला आले. खोलीत एकटे बसून कंटाळतील म्हणून मी शनिवारी त्यांना क्लासवर घेऊन गेले. चपला काढून ते आत आले आणि तीन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसले. मी मेनू उघडला.

"ही एवढी गर्दी कशापायी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, सगळे इथे आणून टाकतात आणि मी आवरते.

त्यांनी पडद्यावरच्या यादीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "रोज काय लागतं तुझ्या पोरास्नी?"

"लिहायचा प्रोग्राम."

"मग त्यो दारात पायजे. रहिमतपूरची गाडी तासातासाला, ती दाराम्होरंच लावायची. म्हसवडची दिसातनं तीनदा, ती पार कडंला लावली तरी मान्सं जात्यात हुडकत."

मी सगळं प्रकारांवरून लावत होते, ते त्यांनी फेऱ्यांवरून, म्हणजे किती वेळा लागतं त्यावरून, लावायला लावलं. तासभर आम्ही तेच केलं. आठ फोल्डर झाले. अण्णा त्यांना फलाटच म्हणत होते. सहाव्याला काय घालायचं यावर आमचा वादही झाला, आणि माझ्या आठवणीत तेवढा वेळ अण्णा माझ्याशी सलग कधीच बोलले नव्हते. आठवा फलाट रिकामा राहिला. मी म्हटलं, पुसून टाकू. ते म्हणाले, "असू दे की. एक रिकामा असावाच, कवा जादा गाडी येती."

सरांनी त्याच महिन्यात एक माईक आणला होता. मुलांना दाखवायला, की कॉम्प्युटर आवाजही पकडतो. त्यातला प्रोग्राम एका वेळी साठ सेकंद पकडायचा, मग आपोआप थांबायचा. मी अण्णांच्या हातात माईक दिला. "बोला, आईला ऐकवू."

त्यांनी तो नीट धरला, जसा रोज धरत होते तसा. खाकरले. मी बटण दाबलं आणि त्यांचा तो दुसरा आवाज निघाला. प्रवाशांनी लक्ष द्यावे. एवढ्यात बाहेरून कुणीतरी मॅडम म्हणून हाक मारली. एक मुलगी सर्टिफिकेटचं विचारायला आली होती. मी हळूच उठून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं, तिचा आवाज आत येऊ नये म्हणून. दारातून म्हसवडची गाडी, मार्गे रहिमतपूर, एवढं कानावर आलं. त्या मुलीचं निस्तरून परत आले तेव्हा अण्णा माईक टेबलावर ठेवून बसले होते.

"झालं?"

"झालं. थांबलं त्ये आपसूक."

पडद्यावरची वेळेची पट्टी शेवटपर्यंत भरलेली होती. साठ सेकंद. मी तो आवाज साठवला, त्याचा शॉर्टकट केला आणि आठव्या फोल्डरमध्ये ठेवला. लावून ऐकणार, तेवढ्यात पाचची बॅच जिन्यावर वाजायला लागली. "नंतर ऐक," अण्णा म्हणाले. "घाई न्हाई."

वैशाखात अण्णा गेले. सकाळी अंगणात दात घासता घासता खाली बसले आणि उठलेच नाहीत. क्लासवर फोन आला तेव्हा मी मुलांना फोल्डरला नाव कसं द्यायचं ते शिकवत होते. फोन ठेवून मी ते वाक्य पूर्ण केलं. मग सरांना सांगितलं आणि स्टँडवर गेले. सातारला उतरले तेव्हा दुसरंच कुणीतरी गाड्या पुकारत होतं, भराभर, पाट्या वाचून. मला काहीच वाटलं नाही. लोक म्हणत होते, रडू दे तिला, मोकळी होईल. मी बायकांना चहा दिला, सतरंज्या मोजून परत केल्या. आतून सगळं बधिर झालं होतं, दाढ काढल्यावर गाल होतो तसं. आपण निर्दय आहोत की काय, असंही मनात येऊन गेलं. तेही फार टोचलं नाही.

तेराव्याच्या दिवशी पाहुणे उठल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. अण्णांचा आवाज पकडून ठेवल्याचं मी तिला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. "त्यो आवाज हाय न्हवं गं?"

"आहे."

"ऱ्हाऊ दे. आत्ता नगं. मी म्हनंन तवा ऐकव."

सांगलीला परत आल्यावर मी मेनू लावत राहिले. शनिवारीच नव्हे, रोज. सहाही कॉम्प्युटरचे मेनू इतके स्वच्छ झाले की मुलं काही घालायला बिचकू लागली. काम संपलं की नावं बदलायची, परत पहिल्यासारखी करायची. फक्त तीन नंबरचा मेनू मी हलवला नाही. तो अण्णांनी लावला होता तसाच ठेवला. आठव्या फोल्डरवर गेलं की बाजूला एकच नाव उघडायचं, वाकड्या बाणाचं. मी त्याच्याकडे बघून मेनू मिटवायची. ऐकायचं धाडस नव्हतं, असं आता म्हणता येईल. तेव्हा मी म्हणायची, आई म्हणेल तेव्हा दोघी मिळून ऐकू.

दर रविवारी मी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन करायची. आई इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायची, "हाय न्हवं?" मी म्हणायची, आहे.

आषाढात कॉम्प्युटरना व्हायरस लागला. सरांनी जाहीर केलं की सगळे पुसून नव्यानं भरायचे. ज्याचं जे असेल ते त्यानं शनिवारपर्यंत फ्लॉपीवर काढून घ्यावं. मी मुलांच्या मागे लागून प्रत्येकाचं काढून घेतलं. एकाचंही काही राहू दिलं नाही. शेवटी तीन नंबरवर बसले. आठवा फोल्डर उघडला, त्या एका नावावर उजवं बटण दाबलं आणि फ्लॉपीवर पाठवलं. झटक्यात गेलं. एरवी आवाजाची फाईल म्हणजे फ्लॉपी मिनिट-मिनिट कुरकुरत बसायची. मला वाटलं, बरं झालं, लवकर झालं.

मी पडताळूनही पाहिलं. बेजबाबदार होते असं कुणी म्हणू नये म्हणून सांगते. फ्लॉपी उघडली, त्यावरच्या त्या नावावर दोनदा टिचकी मारली. प्रवाशांनी लक्ष द्यावे, अण्णा म्हणाले. मी लगेच बंद केलं. आलंय फ्लॉपीवर, झालं समाधान. रविवारी सरांनी सहाही कॉम्प्युटर पुसले.

नव्यानं भरल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर तीन नंबरवर अण्णांचे आठ फलाट पुन्हा मांडले. तसेच आकडे, तोच क्रम. आठव्यात फ्लॉपीवरचं ते नाव आणून ठेवलं. हुबेहूब पहिल्यासारखं दिसत होतं. नऊ महिने मी रोज ते बघत होते आणि रोज नव्या मुलांना सांगत होते, बाण दिसतोय ना, ही नुसती पाटी.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी आई आली. फोनवर एवढंच म्हणाली होती, "आता ऐकव. वरीस व्हायच्या आत ऐकायचंय मला." सरांकडून किल्ली घेऊन मी क्लास उघडला. आईनं चपला काढल्या, पदर सारखा केला आणि बरोबर अण्णा बसले होते त्याच खुर्चीत बसली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं डोक्यावरून पदर घेतला, घरात कुणी मोठं आल्यावर घ्यायची तसा. मी आवाजाचं बटण पूर्ण वर केलं. आठवा फलाट उघडला आणि टिचकी मारली.

पडद्यावर एक छोटी चौकट आली. तिच्यात एक बॅटरी इकडून तिकडे फिरत होती, अंधारात काही हुडकावं तशी. कॉम्प्युटर फाईल शोधत होता. मला तेव्हाच समजलं. सगळं एकदम, त्या फ्लॉपीच्या न कुरकुरण्यापासून. मी फ्लॉपीवर पाटी घेतली होती. पडताळून पाहिलं तेव्हा गाडी अजून तीन नंबरमध्येच उभी होती, म्हणून आवाज आला होता. दुसऱ्या दिवशी ती पुसली गेली. हाताखालून शे-दीडशे मुलं गेली असतील, सगळ्यांना मी हे शिकवलं होतं.

बॅटरी थांबली. फाईल सापडत नाही, असं कॉम्प्युटरनं लिहिलं. खाली लिहिलं, तिच्याशी सगळ्यात जास्त जुळणारी अमुक फाईल आहे, ती उघडू का? मी होय म्हटलं. का म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. बोट खाली गेलं.

टिंग, असं वाजलं. कॉम्प्युटरची स्वतःची घंटा होती ती, चूक झाली की वाजते ती. पूर्ण आवाजात.

आई पडद्याकडे बघत होती. "ही कसली घंटा?"

"आई, अण्णांचा आवाज गेला. मी नुसती पाटी घेतली होती. गाडी इथंच राहिली आणि पुसली गेली."

तिला फ्लॉपी, फाईल काही माहीत नव्हतं, पण हे कळलं. तिनं पदर खांद्यावर घेतला. "गाडी बघितली न्हवतीस व्हय?" ती टोमणा मारत नव्हती, अण्णा विचारायचे तेच तिनं सरळ विचारलं.

"नाही."

मी मेनू मिटवला, परत उघडला, परत मिटवला. तिनं माझा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला.

"काय बोललं व्हतं त्ये?"

"म्हसवडची गाडी पुकारली. मार्गे रहिमतपूर."

"आन् मागनं?"

मी खोटं बोलू शकले असते. तुझी आठवण काढली म्हणू शकले असते, तिनं पडताळलं नसतं. पण तेवढंही सुचलं नाही. "माहीत नाही," मी म्हटलं. "मी बाहेर गेले होते. नंतर ऐकलंच नाही."

दुपारच्या गाडीनं ती परत निघाली. जेवायला थांब म्हटलं तर नको म्हणाली. सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याची पाटी लावलेली गाडी उभी होती. आई दाराशी गेली, पत्र्यावर हात ठेवला, ड्रायव्हरला विचारलं, "आवं, साताऱ्यालाच जाती न्हवं?" आणि मग चढली. खिडकीपाशी बसून तिनं मला जवळ बोलावलं.

"किती येळ बोललं म्हनलीस?"

"पट्टी पूर्ण भरली होती. एक मिनिट."

तिनं खिडकीचा गज धरला. "म्हसवडची पुकाराया ईस सेकंद बी लागत न्हवतं त्येस्नी," ती म्हणाली. "तीस वर्सं ऐकलंय मी."

गाडी निघाली. मी फलाटावर उभी राहिले आणि मनगटावरच्या घड्याळात बघत ती घोषणा पुटपुटून पाहिली, अण्णांच्या सावकाश चालीत, एकही गाव न गाळता. अठरा सेकंद झाले. मग काटा फिरून वर येईपर्यंत, उरलेले बेचाळीस सेकंद, मी तशीच उभी राहिले.